पुशरॉडचं माप

कुपवाड एमआयडीसीतलं हे मशीनशॉप. सांगली जिल्ह्याला यंत्रांची सवय जुनी. किर्लोस्करवाडी १९१० साली याच जिल्ह्यातल्या माळावर वसली. आज टेबलावर आहे रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ५०० मोटरसायकलचं इंजिन. बोअर ८४ मिलिमीटर, स्ट्रोक ९०. हेडचं फेसिंग झालंय, म्हणजे तोंड घासून सपाट केलंय, व्हॉल्व्हच्या सीटही कापल्यात. पुशरॉड म्हणजे कॅमवरच्या टॅपेटची उचल रॉकरला, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेला, पोचवणारी दांडी. आता जुने पुशरॉड चालतील का?

उसाच्या ट्रॅक्टरचं इंजिन असतं, तर रॉकरचा स्क्रू फिरवून फिलर गेजनं गॅप लावला असता. इथे स्क्रूच नाही. टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे आतला प्लंजर तेलाच्या दाबानं गॅप आपोआप भरून काढतो. रॉकर पक्क्या शाफ्टवर. त्यामुळे टॅपेटमधला प्लंजर किती दाबला जातो, हे रॉडच्या लांबीवरच ठरतं.

हेड अर्धा मिलिमीटर घासलं की रॉकर तेवढाच खाली येतो, हे चटकन लक्षात येतं. सीट कापल्याचा परिणाम मात्र नजरेतून सुटतो. व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो, त्याच्या दांडीचं टोक वर येतं आणि रॉकरची दुसरी बाजू रॉडवर झुकते. म्हणजे दोन्ही कामांनी जुना रॉड लांबच पडतो. प्लंजर तळाला टेकला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. कॉम्प्रेशन जातं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. रॉड आखूड पडला तर निदान खटखट ऐकू तरी येते. लांब रॉड गुपचूप नुकसान करतो. म्हणून आम्हाला लांब रॉडचीच जास्त भीती वाटते.

मिस्त्रींनी पुढे वापरायचं त्याच जाडीचं पॅकिंग घालून हेड पूर्ण टॉर्कला आवळलंय. कॅमचा गोल भाग टॅपेटखाली, व्हॉल्व्ह बंद. जागेवर लांबी कमी-जास्त करता येणारा मापाचा रॉड. पोरगा तो थोडा थोडा लांबवतोय.

"नुसता गरगर फिरवून बघू नगंस. चिमटीत धर, वर-खाली हलव."

"मिस्त्री, आता काय हलंना."

हे शून्य. तेलाच्या थरामुळे रॉड घट्ट वाटतो, म्हणून फिरवण्यावर विसंबायचं नाही. या लांबीत प्रीलोड, म्हणजे प्लंजर जेवढा दाबून ठेवायचा ते अंतर, मिळवायचा. बऱ्याच हायड्रॉलिक टॅपेटना अर्धा ते एक मिलिमीटर पुरतो, पण आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच आकडा धरा. इनटेक आणि एक्झॉस्टचं माप वेगवेगळं घ्या.

रॉड करून घेताना अजून एक गोष्ट. टोकाला तेलाचं भोक असेल तर गोळ्याचा शेंडा कापलेला असतो. व्हर्निअर त्या कडेवर टेकतो, रॉकर मात्र गोळ्याच्या अंगावर बसतो. मापाचा रॉड आणि नवा रॉड एकाच पद्धतीनं मोजा, नाहीतर सगळी मेहनत इथे वाया जाते.

रॉड बसवल्यावर क्रँक लगेच फिरवू नका. टॅपेट तेलानं भरलेलं असेल तर व्हॉल्व्ह उघडा राहून पिस्टनला लागू शकतो. प्लंजरला तेल सोडू द्या. रॉड बोटांनी सहज फिरायला लागला, की मग इंजिन हातानं फिरवा.