चिकातला गहू आणि पाण्याचा ताण

पडद्यावर दिसणारे हे दोन्ही दाणे एकाच वाणाच्या गव्हाचे आहेत. डावीकडचा टपोरा आहे. उजवीकडच्याची साल सुरकुतली आहे आणि पोटावरची खाच खोल गेली आहे. बियाणे एकच, जनुकेही तीच. पण उजवीकडच्या पिकाला गहू चिकात, म्हणजे कोवळ्या दाण्यात दुधाळ रस भरत असताना पाणी मिळाले नाही.

फुलोऱ्यानंतरच्या साधारण पहिल्या दोन आठवड्यांत दाण्याच्या गरात किती पेशी असतील हे ठरते आणि पुढे त्या पेशींत स्टार्च साठत जातो. ताण लवकर बसला तर दाण्याची क्षमताच घटते, उशिरा बसला तर असलेली क्षमता भरत नाही.

या गुणांमागची जनुके शोधणे जिकिरीचे आहे, कारण पोळीच्या गव्हात तीन पूर्वजांचे जनुकसंच एकत्र नांदतात, गुणसूत्रांच्या २१ जोड्या असतात आणि बहुतेक जनुकांच्या तीन-तीन प्रती सापडतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, गव्हाच्या जनुकसंचाच्या संदर्भ-आराखड्यात एक लाख सात हजारांहून अधिक जनुके नोंदली गेली. त्यांपैकी टीएजीडब्ल्यू-२ हे जनुक दाण्याच्या वाढीला लगाम घालते. त्याची एक प्रत निकामी झाली तर दाणा थोडा मोठा होतो, तिन्ही झाल्या तर वजन आणखी वाढते. मात्र खोळ मोठी शिवली म्हणून कापूस वाढत नाही. पाने वाळू लागली की दाणा भरण्यासाठी बराचसा भार खोडात आधी साठलेल्या शर्करेवर, मुख्यतः फ्रुक्टनवर येतो, आणि ही साठवण लहान लहान परिणाम करणाऱ्या अनेक जनुकांच्या हाती असते. म्हणूनच एका जनुकाच्या बळावर दुष्काळावर मात केल्याच्या बातम्या जपूनच वाचाव्यात.

प्रथिनांचे प्रमाणही असेच फसवे असते. ताणात स्टार्च कमी साठल्याने प्रथिनांची टक्केवारी आपोआप चढते. दाणा मात्र पोचटच राहतो. याउलट २००६ साली ओळख पटलेले, रानटी खपली गव्हातले जीपीसी-बी१ हे जनुक पाने लवकर पिकवून त्यांतले प्रथिने घडवणारे नत्र, लोह आणि जस्त दाण्याकडे वळवते. त्यामुळे टक्केवारीशेजारी हजार दाण्यांचे वजन मांडल्याशिवाय वाणाची पारख होत नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या एमएसीएस ४०२८ या जिरायती बन्सी (ड्युरम) गव्हात सुमारे १४.७ टक्के प्रथिने असतात. तो साधारण १०२ दिवसांत तयार होत असल्याने जमिनीतली ओल पुरती आटण्याआधी दाणा भरून घेण्याची संधी त्याला मिळते.