पार्ट बदलण्याआधी

मंडळी, आयोजकांनी फोनवर विषय सांगितला, 'व्यावसायिक वाहनांची देखभाल व दुरुस्ती'. मी म्हटलं, एवढं जड नाव माझ्या तोंडात बसायचं नाही. आपण टेम्पोविषयी बोलू.

आता टेम्पो हा शब्द तरी आपला कुठं आहे? जर्मनीत हॅम्बुर्गला टेम्पो नावाच्या तीनचाकी बनायच्या. त्यांच्याशी करार करून नवलमल फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो सुरू केली. मॅटॅडोर हे नावसुद्धा तिकडूनच आलेलं. गंमत अशी की २००५ मध्ये कंपनीनं टेम्पो नाव सोडून फोर्स मोटर्स केलं, आणि त्याच वर्षी टाटांचा एस बाजारात आला. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, सोळा हॉर्सपॉवर. लोकांनी त्याचं बारसं केलं छोटा हत्ती. पण गावात कुणाच्या दारात तो उभा राहिला की म्हातारी माणसं काय म्हणायची? "टेम्पो घेतला वाटतं." कंपनीनं नाव टाकलं, लोकांनी टाकलं नाही. आज आपण पिकअपलाही टेम्पोच म्हणतो, तर मी तसंच म्हणणार.

माझी ओळख करून दिलीच आहे. त्यात एक राहिलं. मी मेकॅनिक नाही. मी मालक आणि ड्रायव्हर. पुसेगावच्या बाजूनं बटाटा आणि आलं भरायचं, रात्री निघायचं, पहाटे पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात खाली करायचं. आधी जुनी घेतलेली मॅटॅडोर, मग छोटा हत्ती, आता बीएस-सिक्स पिकअप. दुरुस्ती मी शिकलो ती हौस म्हणून नाही, पैसे गेले म्हणून. त्यातला सगळ्यात महाग धडा आधी सांगतो.

छोटा हत्ती चार वर्षांचा झाला होता. सकाळी किल्ली फिरवली की नुसता 'टक्'. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, उचलायचा नाही. दोन पोरं धक्का मारायला ठेवलेली. गॅरेजवाला म्हणाला, बॅटरी गेली. नवी बॅटरी टाकली. आठ दिवस बरे गेले, परत टक्. मग म्हणाला, सेल्फ गेला. सेल्फ बदलला. चार दिवसांनी परत तेच. तेव्हा म्हणाला, इग्निशन स्विच बदलून बघू. मी म्हटलं, बाबा, तू बघतोयस आणि पैसे माझे चाललेत. दहा-अकरा हजार घालवून मी होतो तिथंच होतो.

त्यात एक गोष्ट माझ्या डोळ्यासमोर होती आणि मला कळली नव्हती. खूप वेळ सेल्फ मारला की क्लचची केबल गरम लागायची. पायाजवळ जळका वास यायचा. मी समजलो, इंजिनची धग असेल.

शेवटी एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेलो. त्यानं आधी मला हेडलाइट लावायला सांगितले. लख्ख. मग मीटर काढला. ते साधं मल्टिमीटर, आजही चारशे-पाचशेला मिळतं. बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या वर. म्हणजे बॅटरी भरलेली. मग त्यानं मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला लावली आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. म्हणाला, मार सेल्फ. काटा चार व्होल्टवर.

आता हे नीट ऐका. बॅटरीचा मायनस आणि इंजिन ही दोन्ही एकच 'अर्थ', म्हणजे वीज परत यायची बाजू. त्यांच्यात फरक जवळजवळ शून्य हवा, सेल्फ मारताना फार तर अर्धा व्होल्ट. चार व्होल्ट तिथंच अडकले तर सेल्फला उरले किती? वीज जाते प्लसनं, पण तिला परत यायलाही रस्ता लागतो. चासीकडून इंजिनला येणारी अर्थिंगची पट्टी गंजून हिरवी झाली होती, बोल्टखाली चिखल आणि रंग. मोठा रस्ता बंद, म्हणून करंट आडवाटेनं परत यायचा, क्लचच्या केबलमधून. म्हणून ती तापायची. हेडलाइट लख्ख का? कारण त्यांचा अर्थ बॉडीला, तो शाबूत होता. म्हाताऱ्यानं पट्टी काढली, पॉलिश पेपरनं दोन्ही टोकं घासली, ग्रीस लावून आवळली. पैसे घेतले पन्नास.

त्या दिवशी मीटर घेतला तो आजही सीटखाली आहे. मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या लोखंडाला लावा. लगेच सेल्फ उचलला, तर रोग अर्थिंगमध्ये. आणि गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. साडेबाराच दिसले तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, आणि तुम्ही नवी बॅटरी टाकली तरी ती दोन दिवसांत झोपणार.

तर गॅरेजवाल्याचा राग धरू नका. त्याच्याकडं दहा गाड्या उभ्या असतात, आणि 'काय बदलू?' असं विचारत आपणच दारात उभे असतो. आपण लक्षणं सांगत नाही, औषधाचं नाव सांगतो. 'डिझेल पंपाचं काम निघालंय' म्हणून गाडी लावली तर पंपाचंच काम होणार. त्यापेक्षा असं सांगा: थंड असताना ठीक, तापल्यावर दम जातो, चढाला जास्त, रिकामी असताना नाही. एवढं सांगितलं की चांगला माणूस निम्म्या वाटेवर पोचतो.

आता हीटिंग. पुणे-सातारा फेऱ्या करताना खंबाटकीचा घाट लागायचाच, आणि उन्हाळ्यात तिथं बॉनेट उघडून उभी असलेली गाडी दिसली नाही असा दिवस नसायचा. माझी मॅटॅडोर तिथं इतक्यांदा थांबली की चहावाला लांबूनच पाण्याचा कॅन घेऊन यायचा. दोष माझाच. मी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालत होतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी घरात गीझरच्या कॉइलचं काय करतं ते बघा, पांढरा थर धरतं. तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत होतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला, एवढंच.

पण रेडिएटरच्या झाकणाकडं कोण बघतं? प्रेशर कुकर आठवा. शिट्टी आणि रिंग नीट असली तर आत दाब धरतो आणि पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. रिंग चिरली की वाफ बाजूनं जाते. झाकणाचं रबर गेलं की रेडिएटरचंही तेच. पाणी शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीत जातं, उकळतं, बाहेर सांडतं, आणि सांगितलं जातं की इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवावं लागेल. हेडला हात लावू देण्याआधी झाकण बदला, फॅनचा बेल्ट बघा, रेडिएटरच्या जाळीतला भुसा हवेनं काढा. हेड गॅसकेट, म्हणजे हेडखालचं सील, खरंच गेलं असेल तर ते स्वतः सांगतं. थंड इंजिन झाकण उघडं ठेवून चालू केलं की पाण्यात बुडबुडे थांबत नाहीत, चालू केल्यावर मिनिटाभरातच वरचा पाइप दगडासारखा कडक होतो, ऑइलच्या झाकणाखाली कधी दुधाची साय दिसते. गरम असताना मात्र झाकणाला हात लावायचा नाही. माझ्या मनगटावर डाग आहे, जेवणाच्या वेळी दाखवतो.

घाट उतरण्याचं दोन वाक्यांत. ज्या गिअरवर चढलात त्याच्यावर उतरा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, तापल्यावर त्यात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं, म्हणून दोन वर्षांनी ते बदला, काळं होईपर्यंत थांबू नका.

ओव्हरलोडवर मी उपदेश करणार नाही, मीही पाऊण टनाच्या गाडीत सव्वा टन घातलाय. दंड वीस हजार, वर जादा प्रत्येक टनाला दोन हजार, हे तुम्हाला माहीत आहे. मी वेगळंच सांगतो. दोनशे रुपये जादा भाड्यासाठी मागच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पान तुटलं, सेंटर बोल्ट कापला, तर ते भाडं वर्षभर फेडावं लागतं.

बीएस-सिक्सकडं येऊ, तरुण मंडळी त्याचसाठी थांबलीत. एप्रिल २०२० पासून धुराचा हा नियम आला आणि सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी बसली. ती काजळी अडवते. भरली की गाडी स्वतःच ती जाळते, त्यासाठी एक्झॉस्ट तापवावा लागतो. हायवेला चालणाऱ्याला हे कळतही नाही. त्रास कुणाला? शहरात दोन-दोन किलोमीटरवर थांबून पाणी नाहीतर पार्सल टाकणाऱ्याला. काजळी जाळायला सुरुवात होते आणि हा किल्ली काढतो. दिवसात दहा वेळा. मग दिवा लागतो, गाडी दम टाकते. पहिल्या दिव्यालाच वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चालवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. दिवा लागलेला असताना महिनाभर फिरवलीत तर कंपनीच्या गॅरेजशिवाय इलाज नाही.

याच्यात एक फसवी गोष्ट आहे. काजळी जाळायला कित्येक गाड्या जादा डिझेल सोडतात, आणि काम अर्धवट राहिलं की त्यातलं थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं. तुम्ही ऑइल मोजायची कांडी काढता आणि ऑइल खुणेच्या वर. ऑइल कमी झालं तर माणूस घाबरतो, वाढलं तर खूश होतो. खूश होऊ नका, वास घ्या. डिझेलचा वास आला तर ते ऑइल पातळ झालंय, टर्बो आणि बेअरिंग खाणार. लगेच बदला. आणि डीपीएफ पोकळ करून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. बेकायदा आहे, आणि पासिंगला सापडलात की सगळंच महागात.

स्कॅनरचंही तसंच, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्राचं. माझ्या पिकअपचा दम जायला लागला. स्कॅनर लावला, कोड आला पी ००८७, म्हणजे रेलमध्ये, इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब कमी. एका ठिकाणी लगेच हायप्रेशर पंपाचं कोटेशन, आकडा ऐकून मी टेकून बसलो. अहो, कोड दाब कमी म्हणतो, पंप गेला असं कुठं म्हणतो? घरी नळाला पाणी कमी आलं तर आपण आधी टाकी फोडतो का? डिझेल फिल्टर काढला, गाळानं बुजलेला, खाली पाणी. एका पेट्रोल पंपावर पावसाळ्यात डिझेल भरलं होतं. फिल्टर बदलला, कोड पुसला, गाडी पहिल्यासारखी.

माझी रोजची सवय सांगतो, फुकट आहे. फेरी संपली, गाडी लावली, की उतरून चारी चाकांजवळ हात न्यायचा. लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग चाललंय. आमच्या घरातल्यांना वाटायचं, हा गाडीला नमस्कार करतो. आणि वही. डिझेल किती, किलोमीटर किती. माझी गाडी लिटरला चौदा देते, ती साडेबारावर आली की मी आवाजाची वाट बघत नाही, शोधायला लागतो.

जुनी गाडी घेताना थंड इंजिन स्वतः चालू करून बघा, तुम्ही येण्याआधीच तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे जा. हौद्याखाली टॉर्च मारून वेल्डिंग बघा. कागदात फिटनेसची तारीख बघा, आठ वर्षांपर्यंत ती दोन वर्षांची मिळते, पुढं दरवर्षी.

बोला, काही विचारायचं असेल तर. हां, मागं हात वर आहे. साठच्या वर गाडी थरथरते? थरथर कुठं लागते, स्टिअरिंगला की सीटखाली? सीटखाली. म्हणजे पुढची चाकं बहुतेक नाहीत. साठला न्यूट्रल करून बघितलं का? सपाट, मोकळ्या रस्त्यावर, घाटात नाही. तरी थरथरते? मग इंजिनही नाही. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टचा जॉइंट, सेंटर बेअरिंग, नाहीतर मागचं चाक. शाफ्ट कधी उतरवला होता? क्लचप्लेट बदलताना, महिन्यापूर्वी. आणि थरथर कधीपासून? महिन्यापासून. शाफ्ट परत बसवताना त्याच्या खुणा जुळवल्या नसतील. गाडी बाहेर लावलीय का? चला, आधी ती बघू, जेवण मग.