चौंडकं, तारपा आणि हळदीची वाटी

(नेरूळ येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. टेबलावर ही हळदीची वाटी कशाला, असं मघाशी दोघीतिघींनी विचारलं. वाटी माझी नाही. जिची आहे ती आजी पहिल्या रांगेत बसली आहे, तिच्याकडे येऊच.

विषय मला दिलाय ‘भारतातली लोकसंगीत आणि लोकनृत्यं’, आणि वेळ पाऊण तास. राज्यं अठ्ठावीस. म्हणजे एका राज्याला जेमतेम दीड मिनिट. नातवंडांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात तेवढंच असतं म्हणा. पंजाब भांगडा, आसाम बिहू, गुजरात गरबा, महाराष्ट्र लावणी, जोड्या लावा. मी शाळेत संगीत शिकवायचो, ही यादी वर्षानुवर्षं मीच पाठ करून घेतली आहे. ती खोटी नाही. पण ती वाचून वाटतं, राज्याची हद्द संपली की ढोल वाजायचा थांबतो. आपलं राज्य 1960 चं. ढोल त्याच्या किती आधीचा!

म्हणून आज यादी बाजूला. हे बघा, हे चौंडकं. लाकडाचं पोकळ नळकांडं, एका तोंडाला कातडं मढवलेलं, आणि कातड्यातून ओवून बाहेर काढलेली ही एकच तार. नळकांडं काखेत असं दाबायचं, तारेचं टोक या मुठीत धरायचं, दुसऱ्या हातानं छेडायचं. ऐका. मूठ ताणली की स्वर चढला. सैल सोडली की घरंगळला. पडदे नाहीत, खुंट्या नाहीत, सगळा सूर मनगटात. माझं मनगट शिक्षकाचं आहे, त्यामुळे माफ करा. एखाद्या जोगतिणीच्या हातात हे वाद्य माणसासारखं बोलतं. यल्लम्माच्या, रेणुकेच्या गाण्यांचं हे वाद्य. बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माचं देऊळ आहे, तिथे कन्नड पद आणि मराठी पद याच एका तारेवर चालतं. आता सांगा, हे वाद्य कुठल्या राज्याच्या रकान्यात लिहायचं?

आणि इथून उचलून थेट बंगालात चला. तिथला बाउल, म्हणजे गात फिरणारा साधक, काखेत हेच धरून गातो. तो त्याला खमक म्हणतो, त्याच्या तारा दोन असतात. देवीच्या जोगव्याचा आणि बाउलांचा तसा काही संबंध नाही. बाउल देवळाला फारसा विचारतच नाही, तो देहातच ‘मनाचा माणूस’ शोधत फिरतो. गाणं वेगळं, देव वेगळा, पण काखेतली युक्ती तीच. युनेस्कोनं 2008 साली बाउलगीतं आपल्या वारसायादीत घेतली. चौंडक्याला असा काही मान नाही, पण सख्खं भावंड आहे ते.

असाच दुसरा नमुना आपल्या जिल्ह्यातला. आपल्या म्हणजे जुन्या ठाणे जिल्ह्यातला. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला. तारपा तुम्ही ऐकला नसेल तरी पाहिला नक्की आहे. वारली चित्रात माणसांचं वेटोळं असतं ना, त्याच्या मधोमध एक जण लांबलचक वाद्य फुंकत उभा असतो, तोच तारपा. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास तोडत नाही. गालात हवा साठवून नाकानं पुढचा श्वास घेतो, त्यामुळे सूर अखंड राहतो. नाचणाऱ्यांचा दंडक असा की तारप्याला पाठ दाखवायची नाही. म्हणून तर ते वेटोळं. तारपेवाला जसा वळेल तशी माळ वळते. भात तयार झालं की हा नाच सुरू होतो. आता पुंगी आठवा. तोही भोपळा, त्याही दोन नळ्या, तोही न तुटणारा श्वास. राजस्थानातल्या कालबेलियांचं ते वाद्य. कर्णा काढा, नळ्या आखूड करा, झाला तारप्याचा चुलतभाऊ.

नृत्याचंही तसंच आहे. नवरात्रात आपल्या सोसायट्यांमध्ये एक चक्कर मारा. इकडे गरबा, मूळ गरबा म्हणजे भोकं पाडलेलं मडकं आणि आत दिवा, त्याभोवती फेर. पलीकडच्या विंगमध्ये एखादी हौशी काकू पाटावर हत्ती काढून भोंडला घालते. हस्त नक्षत्र, म्हणून हत्ती. आणि तेलुगू कुटुंबं असतील तर फुलांचा उंच थर रचून त्याभोवती बतुकम्मा. मधे मडकं, हत्ती नाहीतर फुलं, आणि भोवती टाळ्या वाजवत फिरणाऱ्या बायका. गरब्याला 2023 मध्ये युनेस्कोनं मान दिला, बतुकम्मा तेलंगणाचा राज्यउत्सव झाला, आणि आपला भोंडला खिरापत ओळखण्यात रमला. (हशा) असो.

दूर जायचं नसेल तर वाशी स्टेशनाजवळ वेगवेगळ्या राज्यांची भवनं आहेत. बिहूचा कार्यक्रम कळला तर एप्रिलच्या मध्यावर जरूर जा, म्हशीच्या शिंगाचा पेपा समोर बसून ऐकायला मिळेल. तिकडच्या जेवणाचं सांगत नाही, तो वेगळा विषय आहे.

आता हळद. ज्या जमिनीवर आपण बसलोय ती आगरी-कोळ्यांची. या गावांमधून लग्नात धवलारीण असायची. मांडव, तेल, हळद, एकेक विधी तिच्या धवल्यानं, म्हणजे लग्नगीतानं, पुढे सरकायचा. कित्येक घरांत लग्न तीच लावायची. धवला हा शब्द किती जुना? तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेनं धवळे रचले, तेही विवाहाचेच. मराठीतली आद्य कवयित्री ती. त्या धवळ्यांचा नेरूळच्या धवल्याशी थेट धागा आहे असं मी म्हणत नाही, पण नाव तेच आणि प्रसंगही तोच.

मी मूर्खासारखा एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी एका धवलारणीकडे गेलो. म्हटलं, मावशी, चार मिनिटं गा. ती म्हणाली, “मांडव नाय, हलद नाय, नवरी नाय. धवला कोनाला गाऊ?” मी कार्यक्रमपत्रिका दाखवली. तिनं ती चुलीजवळ ठेवली आणि मला चहा दिला.

आता हळदीला बेंजो असतो. काही लोक नाकं मुरडतात, मला तो आवडतो. टाइपरायटरसारख्या बटणांचं हे वाद्य मूळचं जपानी, 1912 च्या सुमाराचं, तिथलं नाव ताइशोगोतो. तिथून ते आपल्या हळदीत येऊन बसलं आणि कोळीगीताच्या सहा मात्रांत असं मुरलं की आता पाहुणं वाटतच नाही. फक्त त्याच्या स्पीकरपुढे म्हातारीचा गळा ऐकू येत नाही, एवढीच माझी तक्रार.

तर आज ज्या आजी आल्यात, त्यांनाही मी भीतभीतच विचारलं. त्यांनी दोन अटी घातल्या. हळदीची वाटी समोर पाहिजे, आणि कुणाच्या तरी नातीचं लग्न ठरलेलं पाहिजे, तिचं नाव घेऊन गाईन. मंडळाच्या एका सभासदांच्या नातीचं ठरलंय. नाव मी आजींच्या कानात सांगितलंय.

पंखे जरा बंद करा. माइक नको. आजी, या.