गीझरचं युनिट आणि दिव्याचं युनिट

दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट पडतं. दहा वॅटचा एलईडी दिवा शंभर तास जळला की तेवढंच पडतं. बिलात दोन्ही सारखीच. वीज पुरवणाऱ्याला मात्र यातलं पहिलं युनिट फार महाग पडतं. दिवा जरा जरा मागत राहतो. गीझर सकाळी सातला एकदम दोन किलोवॅट ओढतो, आणि शहरभरातले बाकीचे गीझरही नेमके तेव्हाच सुरू होतात. त्या तासाभरासाठी उभारलेली तार, ट्रान्सफॉर्मर, वीजनिर्मितीचा संच, सगळं पुढे दिवसभर अर्धपोटी बसतं. त्यांच्या कर्जावरचं व्याज काही तेवढा वेळ थांबत नाही!

ही अडचण धंद्याइतकीच जुनी आहे. एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं केंद्र 1882 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं, ते दिव्यांसाठी. म्हणजे संध्याकाळी झुंबड आणि दुपारी शुकशुकाट. एकेकाळी एडिसनचा सचिव असलेला सॅम्युएल इन्सल पुढे शिकागोत वीज विकू लागला. इंग्लंडमधल्या ब्रायटनला त्याने एक निराळा मीटर पाहिला. एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली, हे तो मीटर नोंदवायचा. इन्सलने त्यावर दर बेतले आणि दुपारची रिकामी यंत्रं ट्रामना वीज विकून कामाला लावली. बिलातल्या ज्या स्थिर आकारावर लोक चिडतात, त्याच्यामागे हाच विचार आहे. चिडू नका असं मी म्हणणार नाही. दिवसाला दोनच दिवे लावणाऱ्या घरावर तो आकार खरंच जड पडतो.

आता घाऊक बाजाराकडे येऊ, म्हणजे जिथे वीज बनवणारे ती पुरवणाऱ्या कंपन्यांना विकतात. चिलीने 1982 मध्ये कायदा करून वाट पाडली, इंग्लंडमध्ये 1990 साली असा बाजार भरू लागला. समजा, पवनचक्कीवाला युनिटला शून्य दर लावतो, कोळशावाला चार, गॅसवाला नऊ. स्वस्तातली वीज आधी घ्यायची, मागणी भरेपर्यंत वर चढत जायचं. शेवटी गॅसचा संच घ्यावा लागला, तर नऊ हा दर सगळ्यांनाच मिळतो. ‘वारा फुकट, मग त्याला नऊ कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. ज्याने जो दर लावला तोच त्याला द्यायचा म्हटलं, तर पवनचक्कीवाला शून्य कशाला लावेल? तोही अंदाज बांधून नऊच्या आसपासच सांगेल. शिवाय त्याचा खर्च इंधनावर होत नाही, तो आधीच उभारणीत झालेला असतो. वरच्या पैशातून तो वसूल होतो. हे मला पटतं, पण एका मर्यादेपर्यंत. 2022 मध्ये गॅस भडकला तेव्हा युरोपीय संघानेही अशा स्वस्त उत्पादकांच्या मिळकतीवर मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटांना, 180 युरोची तात्पुरती मर्यादा घातली.

खरा पेच घराच्या उंबरठ्यावर आहे. हा तासातासाला हलणारा दर घरात येऊ द्यायचा का? कॅलिफोर्नियाने घाऊक दर मोकळे सोडले आणि बहुतेक ग्राहकांचे दर गोठवले. 2000 च्या उन्हाळ्यात घाऊक भाव उसळले. व्यापाऱ्यांनी लबाड्या केल्याचंही पुढे बाहेर आलं. ग्राहकांना मात्र वापर कमी करावा असं काही जाणवलंच नाही. महाग घेऊन स्वस्त विकणारी तिथली वीज कंपनी पीजी अँड ई 2001 च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीत गेली. टेक्सासने उलटं टोक दाखवलं. फेब्रुवारी 2021 च्या थंडीत तिथला घाऊक भाव मेगावॅट-तासाला 9,000 डॉलरवर, म्हणजे युनिटला नऊ डॉलरवर टेकला. ज्यांनी घाऊक दराची योजना घेतली होती, त्यांना काही दिवसांचीच हजारो डॉलरची बिलं आली. गारठलेल्या घरात हीटर बंद ठेवा, असं कोणत्या तोंडाने सांगणार?

मला फ्रान्सची टेम्पो योजना आवडते. तीत विजेचा दर दिवसाच्या रंगावर ठरतो. वर्षातले 300 दिवस निळे, 43 पांढरे, 22 लाल. लाल दिवस हिवाळ्यातच येतात आणि त्या दिवशी वीज बरीच महाग असते. पण रंग आदल्या दिवशीच कळतो, आणि असे दिवस बाविसाच्या वर जात नाहीत. धोका घरात येतो, पण मोजून. ज्याच्याकडे पाणी साठवणारा गीझर आहे तो रात्रीच पाणी तापवून ठेवतो. भाडेकरूचं काय? जुनाट हीटर घरमालकाने बसवलेला, भिंतीतून गारवा शिरणारा, आणि बिल भाडेकरूच्या नावावर. त्याला लाल दिवस आधी कळला तरी तो सरकवणार काय?