आडनाव दुरुस्त करण्याचा हुकूम

(दृश्य : त्रिएस्ते शहरातील एक सहा मजली इमारत. प्रवेशद्वारातून आतबाहेर करणारे विद्यार्थी.)

इटलीच्या ईशान्य टोकाला, एड्रियाटिक समुद्राच्या काठी त्रिएस्ते हे बंदर आहे. समोर दिसणाऱ्या या इमारतीत विद्यापीठाचा दुभाषे आणि अनुवादक तयार करणारा विभाग भरत आला आहे. दोन भाषांमध्ये पूल बांधायला शिकवणारा विभाग नेमका याच वास्तूत यावा, हा योगायोगच म्हणायचा. कारण शंभर वर्षांपूर्वी ही वास्तू जाळली गेली, ती तिच्यात बोलल्या जाणाऱ्या भाषेमुळे.

तिचे नाव नारोदनी दोम, म्हणजे राष्ट्रीय भवन. वास्तुरचनाकार माक्स फाबियानी यांनी आखलेले हे भवन १९०४ साली पूर्ण झाले. नाट्यगृह, बँक, उपाहारगृह, वाचनालय आणि हॉटेल असा स्लोव्हेन समाजाचा, म्हणजे स्लोव्हेन ही स्लाव्हिक भाषा बोलणाऱ्या लोकांचा, सारा सार्वजनिक संसार तेथे एका छपराखाली मांडलेला होता. त्या वेळी त्रिएस्ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. शहरात इटालियन भाषकांचे बहुमत होते, तर भोवतालची खेडी स्लोव्हेन होती.

(दृश्य : जळणाऱ्या इमारतीचे जुने छायाचित्र.)

१३ जुलै १९२० रोजी संध्याकाळी फ्रांचेस्को जुंता यांच्या नेतृत्वाखालील फॅसिस्ट जमावाने या भवनाला वेढा घालून आग लावली. निमित्त होते आजच्या क्रोएशियातील स्प्लित शहरात इटालियन नौसैनिक मारले गेल्याच्या बातमीचे. पहिल्या महायुद्धानंतर शहर इटलीच्या ताब्यात आले होते आणि तेथे इटालियन लष्कर होते, तरीही आग लागायची ती लागलीच. तारीख लक्षात घेण्याजोगी आहे, कारण मुसोलिनी सत्तेवर येण्यास अजून दोन वर्षांहून अधिक काळ होता. गर्दीत उभा राहून ज्वाळा पाहणारा सहा वर्षांचा एक स्लोव्हेन मुलगा, बोरिस पाहोर, पुढे मोठा लेखक झाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इटली आणि युगोस्लाव्ह राज्य यांच्यात झालेल्या रापालो करारामुळे स्लोव्हेन आणि क्रोएशियन मिळून सुमारे पाच लाख माणसे इटलीच्या हद्दीत आली. त्यांच्या भाषेला संरक्षण देण्याचे बंधन त्या कराराने इटलीवर घातले नव्हते.

जमाव आग लावून निघून जातो. दप्तरातून होणारा छळ मात्र रोज सकाळी कचेरी उघडली की पुन्हा सुरू होतो, आणि १९२२ नंतर ही कचेरीच फॅसिस्टांच्या हाती आली.

१९२३ साली शिक्षणमंत्री जोव्हानी जेंतीले यांनी शालेय शिक्षणाची नवी रचना लागू केली. तिच्यात शाळा एकदम बंद करण्याचा उल्लेख नव्हता. पहिलीचा वर्ग इटालियन भाषेत भरेल, पुढच्या वर्षी दुसरीचा, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरीचा, अशा क्रमाने एकेक इयत्ता पुढे सरकत राहिली. थोरले भावंड स्लोव्हेनमधून शिकत असताना धाकट्याने इटालियन अक्षरे गिरवायची, असे चित्र काही वर्षे घरोघरी राहिले असणार. १९२८ पर्यंत स्लोव्हेन आणि क्रोएशियन शाळा संपल्या होत्या. अनेक शिक्षकांना काढून टाकण्यात आले किंवा दूर, इटलीच्या अंतर्भागात बदली देण्यात आली. १८७६ पासून निघणारे ‘एदिनोस्त’ हे वृत्तपत्रही १९२८ मध्येच बंद पाडण्यात आले.

(दृश्य : जुन्या जन्मनोंदीचे पान. खोडलेले नाव, शेजारी नवे नाव.)

गावांची नावे बदलली होतीच. पोस्तोयनाचे पोस्तुमिया झाले. त्यानंतर माणसांची पाळी आली. उत्तर इटलीच्या आल्तो आदिजे भागातील जर्मन भाषकांसाठी १९२६ साली काढलेला आडनावांचा हुकूम १९२७ मध्ये त्रिएस्तेच्या प्रदेशालाही लावण्यात आला. त्याची शब्दयोजना मोठी धूर्त होती. आडनाव ‘बदलणे’ असे तो म्हणत नव्हता, तर मूळ इटालियन असलेली आणि मध्यंतरी बिघडलेली नावे पूर्वरूपात ‘परत देणे’ असे म्हणत होता. पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आपले नाव ही एक चूक होती आणि सरकार ती दुरुस्त करून देत आहे, असे कुटुंबाने मानायचे. जी नावे या व्याख्येत बसत नव्हती, त्यांच्यासाठी स्वेच्छेने अर्ज करण्याची सोय ठेवलेली होती. नोकरी टिकवायची असलेल्या माणसाच्या बाबतीत ही स्वेच्छा किती मोकळी असेल, हे सांगायला नको. व्होदोपिव्हेत्स, म्हणजे पाणी पिणारा, याचे बेव्हिलाक्वा झाले. अर्थ तोच राहिला, फक्त आजोबांना हाक मारण्याचे नाव गेले.

या मोहिमेत लोय्झे ब्रातुझ यांचे आडनाव बेर्तोस्सी झाले. ते त्रिएस्तेजवळच्या गोरित्सिया शहराचे संगीतकार आणि चर्चमधील गायकवृंदांचे शिक्षक. शाळा, न्यायालये, वृत्तपत्रे आणि मंडळे यांतून हद्दपार झालेल्या भाषेला चर्चच्या उपासनेत अद्याप थोडी जागा होती. २७ डिसेंबर १९३६ रोजी पोदगोरा येथे उपासना आटोपल्यावर फॅसिस्टांनी त्यांना धरून नेले आणि यंत्राचे तेल पाजले. १६ फेब्रुवारी १९३७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय ३५ च्या आत होते, आणि त्यांच्याकडे शस्त्र म्हणावे असे स्वरलेखनाच्या वह्यांखेरीज काही नव्हते.

प्रतिकार शस्त्रांनीही झाला. फेब्रुवारी १९३० मध्ये त्रिएस्तेतील फॅसिस्ट वृत्तपत्राच्या कचेरीत झालेल्या बाँबस्फोटात एक पत्रकार दगावला. विशेष न्यायाधिकरणाने चौघांना देहान्ताची शिक्षा सुनावली आणि ६ सप्टेंबर १९३० रोजी त्रिएस्तेजवळच्या बाझोव्हित्साच्या माळावर त्यांना गोळ्या घातल्या.

(दृश्य : समुद्राकडे उघडणारा त्रिएस्तेचा मुख्य चौक.)

१८ सप्टेंबर १९३८ रोजी याच चौकातील भाषणात मुसोलिनीने ज्यूविरोधी वंशकायद्यांची घोषणा केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ज्यूंची स्वतंत्र गणना झाली होती, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ज्यू शिक्षक व विद्यार्थी यांना शाळांबाहेर काढण्याचा हुकूम निघाला होता. येथील स्लोव्हेन माणसाला ही रीत अनोळखी वाटली नसेल: आधी नोंद, मग शाळा, मग नोकरी. फरक होता, आणि तो भयंकर होता. स्लोव्हेन माणसाला इटालियन होण्याची सक्ती होती. ज्यू माणसाला इटालियन राहण्याचीही मुभा उरली नाही. पुढे जर्मन ताब्यात, शहरातील सान साब्बा येथील भात सडण्याच्या जुन्या गिरणीत छळछावणी आणि दाहभट्टी उभी राहिली. तेथे प्रतिकारकांना मारले गेले आणि ज्यूंना आउश्विट्झकडे पाठवले गेले. तत्पूर्वी, १९४२ मध्ये, खुद्द इटालियन सैन्याने राब बेटावर उभारलेल्या छावणीत हजाराहून अधिक स्लोव्हेन आणि क्रोएशियन माणसे उपासमारीने व रोगराईने दगावली. त्यांत लहान मुलेही होती.

१९४५ मध्ये युगोस्लाव्ह सैन्य येथे पोहोचल्यावर सूड उगवला गेला आणि अनेक इटालियनांना मारून डोंगरातील खोल विवरांत टाकण्यात आले. ही गोष्टही याच माळरानाची आहे, आणि ती वगळून हे निवेदन प्रामाणिक राहिले नसते.

(दृश्य : १३ जुलै २०२०. दोन राष्ट्रपती हातात हात घेऊन उभे.)

आगीला शंभर वर्षे झाली त्या दिवशी इटलीचे सेर्जो मात्तारेल्ला आणि स्लोव्हेनियाचे बोरुत पाहोर त्या विवराच्या स्मारकापुढे आणि गोळ्या घातलेल्या चौघांच्या स्मारकापुढे हात धरून उभे राहिले. नारोदनी दोम स्लोव्हेन समाजाला परत देण्याच्या करारावरही त्याच दिवशी सह्या झाल्या. आग पाहणारा सहा वर्षांचा तो मुलगा, लेखक बोरिस पाहोर, त्या वेळी १०६ वर्षांचा होता.

आडनावे परत मिळवण्याची वाट १९९१ च्या कायद्याने सोपी केली. पूर्वीचे नाव घेण्यासाठी नाव बदललेल्या कुटुंबाला आजही अर्ज करावा लागतो.