बालवाडीतला मैद्याचा गोळा

नमस्कार श्रोतेहो. बालवाडी, नर्सरी चालवणाऱ्या ताया आणि घरात दोन ते पाच वर्षांचं मूल असलेले आईबाबा, आजीआजोबा, आजचं बोलणं तुमच्याशी आहे. विषय लहान मुलांचं कलाकाम. रंग, चिकटकाम, मातीकाम असं सगळं बोलायचं ठरलंय खरं, पण निम्मा वेळ मैद्याचा गोळा खाणार, हे आधीच सांगून ठेवते. म्हणून बाकीचं पटपट उरकू.

रंगांचं बघा. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला वहीचा कागद आणि बारीक ब्रश देऊ नका. त्या वयात हात खांद्यातून फिरतो, मनगट अजून तयार झालेलं नसतं. कागद मोठा हवा, वर्तमानपत्राचं अख्खं पानसुद्धा चालेल. तो भिंतीला मुलाच्या छातीच्या उंचीवर, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून बसवायचा. ब्रश रुंद, दांडी वीतभराहून आखूड. पोस्टर कलर नुसत्या पाण्यात कालवला तर भिंतीवरून ओघळतो, म्हणून मैद्याची पातळ खळ करून घ्या. एक मोठा चमचा मैदा, दीड वाटी पाणी, ढवळत उकळी आणायची, गार झाली की त्यात रंग मिसळायचा. खळ आंबते, तेव्हा रोजची रोज करा. आणि एका वेळी दोनच रंग ठेवा. लाल-पिवळा ठेवलात तर कालवाकालव होऊनसुद्धा नारिंगीच निघतो. पाच ठेवलेत तर पाच मिनिटांत सगळ्यांचा मातकट चॉकलेटी होतो, आणि मग ताई म्हणतात की मुलांना रंगांची जाण नाही!

चिकटकामाला पाठकोरे कागद, खळ आणि झाडाखाली पडलेलं जे मिळेल ते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते परिसरात मिळणाऱ्या साहित्यावरच उभं राहिलं. पुण्यात रस्तोरस्ती बुचाची फुलं पडलेली असतात, गुलमोहराच्या पाकळ्या असतात. हे सोडून आपण अप्पा बळवंत चौकात चमकीची पाकिटं घ्यायला जातो, जिथे गाडी लावायला जागा मिळवणं हीच मोठी कला. असो. मात्र दुभाजकावरची कण्हेर आणि पिवळी बिट्टी आणू नका, दोन्ही विषारी आहेत. आणि तीन वर्षांखालच्या मुलांना राजमा, हरभरे, मणी नकोत. ते नाकात जातात, आणि कडधान्य तर आत गेल्यावर फुगतं. साधं माप लक्षात ठेवा, सव्वा इंच व्यासाच्या नळीतून जी वस्तू आरपार जाईल ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. परत सांगते, सव्वा इंच.

आता गोळा.

अमेरिकेत ओहायो राज्यात सिनसिनाटी नावाचं शहर आहे. तिथे कुटोल नावाची साबणाची कंपनी होती. 1930 च्या दशकात तिनं भिंती पुसायची एक लगदी काढली. आता भिंत पुसायला लगदी कशाला, असं तुम्ही म्हणाल. आपल्याकडे चुलीच्या धुरानं स्वयंपाकघर काळं झालं की दिवाळीला चुना मारायचा, संपला विषय. तिकडे भिंतींना छापील कागद चिकटवलेला. घर गरम ठेवायला दगडी कोळसा जाळायचे, त्याची काजळी त्या कागदावर बसायची, आणि कागद असल्यामुळे पाणी लावायची सोय नाही. मग ही लगदी हातात घेऊन भिंतीवरून फिरवायची, काजळी तिला चिकटून यायची. ती होती कशाची? मुख्यतः मैदा, पाणी आणि मीठ. शिवाय थोडं खनिज तेल आणि बोरिक ॲसिड.

दुसरं महायुद्ध संपलं. घरोघरी कोळसा जाऊन गॅस आणि तेल आलं, काजळी संपली. भिंतींना धुता येणारा व्हिनाइलचा कागद आला. लगदी कोण घेणार? कंपनी डबघाईला आली. ती सावरायला घरातलाच एक तरुण पुढे आला होता, जो मॅकव्हिकर. आणि या जोच्या नात्यात होत्या के झूफॉल, त्याच्या वहिनी म्हणा किंवा मेहुणी म्हणा, इंग्रजी नात्यांत ते काही कळत नाही. या बाई नर्सरीच्या शिक्षिका होत्या. बरं का, नर्सरीच्या शिक्षिका! हा मुद्दा लक्षात ठेवा.

त्या काळी मुलांना देत ती तेलातली चिकणमाती घट्ट असायची, लहान बोटांना दबायची नाही. बाईंच्या वाचनात आलं की भिंत पुसायच्या लगदीच्या वस्तू करता येतात. त्यांनी लगदी आणली आणि वर्गात मुलांपुढे ठेवली. मुलांनी त्यातून नाताळच्या झाडाला टांगायच्या शोभेच्या वस्तू केल्या. बाईंनी जोला कळवलं की तुमचा माल भिंतीपेक्षा मुलांच्या हातात बरा आहे. कंपनीनं त्यातला साफसफाईचा भाग काढला, रंग घातला, बदामाचा वास घातला. कंपनी या मालाला भलंमोठं भारदस्त नाव देणार होती, ते बाजूला ठेवून बाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी सुटसुटीत नाव सुचवलं, प्ले-डो. 1956 मध्ये तो बाजारात आला. आधी एकच पांढरट रंग होता, लाल, निळा, पिवळा नंतर आले. आज तुळशीबागेतल्या खेळण्यांच्या दुकानातही रंगीत लगद्यांचे डबे रचलेले दिसतात, त्याची सुरुवात ही अशी, काजळी पुसण्यातून.

मला ही गोष्ट आवडते ती बाईंसाठी. काय करायचं ते त्या मुलांना शिकवत बसल्या नाहीत. बोटांना झेपेल असं काहीतरी पुढे ठेवलं आणि बघत राहिल्या. आपल्याकडे ताई आधी सुबक गणपती करून दाखवतात. मग बाविसाच्या बावीस मुलं गोळा पुढे करून म्हणतात, "ताई, मला करून द्या." नमुना ठेवलात की मुलाचा हात थांबतो. आणि गॅदरिंगच्या प्रदर्शनात ताईंनीच पूर्ण केलेले मोर मांडून खाली मुलांची नावं लिहायची, हा प्रकार तर बंदच करा. पालकांना सगळं कळतं.

आता कृती, लिहून घ्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल, दोन मोठे चमचे लिंबाचा रस. दोन, एक, दोन, मग दोन आणि दोन. पाण्यात खायचा रंग आधीच मिसळा. सगळं गार असतानाच कढईत गुठळ्या मोडेपर्यंत कालवा आणि मगच मंद आचेवर ठेवा. चार-पाच मिनिटं उलथन्यानं सतत हलवायचं. आधी पिठलं होईल, मग कडा सुटतील, मग एकच गोळा कढईभर फिरायला लागेल. खाली उतरवा, हात लावण्याइतका कोमट झाला की तेलाच्या हातानं चांगला मळा. एवढ्यात लिंबाएवढे दहा-बारा गोळे होतात. पण एका मुलाला पेरूएवढा तरी गोळा हवा, म्हणजे हे माप पाच-सहा मुलांपुरतं.

शिजवायचं कशाला, कणीक भिजवतो तसं भिजवून चालत नाही का? चालतं, पण कच्च्या मैद्याला ताण असतो. मूल दाबतं आणि तो परत आक्रसतो, ओढला तर तुटतो. शिजलेला दिलेला आकार धरतो. मीठ कशाला? बुरशी रोखायला, आणि मुलानं तोंडात घातलंच तर थुंकून टाकावं म्हणून. तरीही इतकं मीठ पोटात जाणं बरं नाही, तेव्हा चाखणाऱ्या मुलाजवळ बसा. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाला तांदळाच्या पिठाचा वेगळा गोळा द्या, तो थोडा भुसभुशीत होतो. हाताला खरचटलेलं असेल तर त्या दिवशी गोळा नको. मीठ झोंबतं आणि मग मूल महिनाभर गोळ्याला हात लावत नाही.

बसवायचं स्टीलच्या ताटासमोर, कड असल्यामुळे तुकडे बाहेर पडत नाहीत. एका ताईमागे पाच-सहा मुलं. पहिला आठवडा नुसते हात. साचे, लाटणं, कंगवा हे सगळं नंतर. दोन वर्षांचं मूल दाबेल, टोचेल, चिमटे काढेल, त्याला पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. तिनाच्या आसपास वळी आणि गोळ्या येतात. चारच्या पुढे तुकड्याला तुकडा जोडून माणूस उभा राहतो. जोड सुटत असेल तर बोट ओलं करून लावायला सांगा. एवढीच मदत. आणि "हे काय केलंस?" असं विचारू नका. काहीच केलेलं नसेल तर ते बिचारं घाईघाईनं "साप" म्हणतं.

बिघडतं कुठे? हाताला चिकटला तर कमी शिजलाय, परत दोन मिनिटं कढईत घाला. भेगा पडल्या तर हात ओला करून मळा. खरखरीत लागला तर मीठ जाडं होतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मीठ ओल ओढून घेतं आणि गोळ्याला पाणी सुटतं. तेव्हा मैद्याचा हात लावून मळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कोरड्या दिवसांत पंधरवडा टिकतो, पावसाळ्यात आठ दिवसांत टाका. डब्यावर तारीख घाला. आणि टाकताना ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाका, सोसायटीतल्या कुत्र्यांना नको. एवढं मीठ कुत्र्याच्या जिवावर बेततं. नमस्कार.