महासत्तेची उतरण : जुन्या गोव्यावरून

मित्रहो, महासत्ता का चढतात नि का उतरतात हे समजून घ्यायला रोमपर्यंत जायला नको. फोंड्याहून जुन्या गोव्याला गेलं तरी पुरे. दिवाडीच्या फेरीधक्क्याकडे जाताना व्हाइसरॉयची कमान लागते. सोळावं शतक संपता संपता ती पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कू द गामाने उभारली. १४९८ साली कालिकतला उतरलेल्या वास्को द गामाचा हा पणतू. कमान पाहून सत्तेचा कळस डोळ्यांपुढे येतो. माझ्या मते मात्र पोर्तुगिजांना तेव्हा उतरण लागून बरीच वर्षं झाली होती.

आधी चढण पाहू. पोर्तुगालची वस्ती तेव्हा जेमतेम दहा-पंधरा लाखांची. एवढ्या माणसांत अख्खा हिंदी महासागर राखणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी त्याची नाकी धरली : १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ. मग नियम केला. गलबतवाल्याने ‘कार्ताझ’ हा परवाना घ्यायचा आणि पोर्तुगीज बंदरात जकात भरायची, नाहीतर गलबत जप्त. माल पिकवणारे दुसरे, वाहणारेही बहुतेक दुसरेच, उत्पन्न मात्र यांचं.

घोळ इथूनच सुरू झाला. अशा प्रत्येक ठाण्याच्या कप्तानाची नेमणूक साधारण तीन वर्षांची. पगार तुटपुंजा, खरी कमाई खासगी व्यापाराची. पुढे पुढे तर ही पदं विकली जाऊ लागली. तीन वर्षांत जन्माची बेगमी करायची म्हटल्यावर तटाची डागडुजी कोण करणार? मिरी ही राजाची मक्तेदारी, पण तांबड्या समुद्राची वाट त्यांना कधीच पुरती रोखता आली नाही. शतकाच्या मध्यापर्यंत मिरी पुन्हा त्या वाटेने व्हेनिसला पोचू लागली. १५६० मध्ये कर्जात बुडालेल्या पोर्तुगीज राजसत्तेने देणी थांबवली.

आणि त्याच १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं! कुठ्ठाळीचा मंगेश तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीबाहेर, प्रियोळला आला तोही त्याच वर्षी, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरी पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. देवांमागोमाग कुटुंबं गेली, कुणी अंत्रुजात म्हणजे आपल्या फोंड्याकडे, कुणी पार कारवार-मंगळूरकडे. त्यांत व्यापारी होते, हिशेबनीस होते. दुसऱ्यांच्या व्यापारावर जगणाऱ्या सत्तेने व्यापार जाणणारी माणसंच हुसकून लावली. श्रद्धेवरचा तो घाला अमानुष होता, हे आधी. राज्यकारभार म्हणूनही तो आत्मघात होता.

पुढचं झपाट्याने घडलं. १५८० मध्ये पोर्तुगालचं सिंहासन स्पेनच्या राजाकडे गेलं आणि स्पेनचे वैरी आयतेच गळ्यात पडले. त्यांत डचही होते. लिस्बनला मिरी घ्यायला येणारे हे डच आता स्वतःच पूर्वेकडे निघाले. १६०२ मध्ये त्यांनी भागभांडवलाची कंपनी काढली. कप्तान बदलला तरी तिचं भांडवल टिकून राही. होर्मुझ १६२२ मध्ये इराणी-इंग्रजांनी घेतलंच होतं. डचांनी १६४१ मध्ये मलाक्का, १६५६ मध्ये कोलंबो आणि १६६३ मध्ये कोची घेतलं. मात्र डच कंपनीचे नोकरही चोरट्या व्यापाराला लागले, नफ्यापेक्षा कर्ज वाढलं, आणि १७९९ मध्ये तीही संपली.

पण उतरणीला लागलेली सत्ता उद्याच निघून जाईल, या भ्रमात राहू नये. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. तरीही आपला फोंडा महाल पोर्तुगिजांकडे गेला तो १७६३ मध्ये, कोची गमावल्यावर शंभर वर्षांनी. मधल्या काळात ब्राझीलच्या सोन्याने लिस्बनला पुन्हा श्वास दिला होता. जगाच्या हिशेबातून कधीच मागे पडलेल्या त्या सत्तेशी गोव्याच्या माणसांना १९६१ पर्यंत लढावं लागलं.